संख्येचा दगड आणि नांवाचें ऋण

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर रायगड जिल्ह्यांतील माणगांव हें तालुक्याचें ठिकाण लागतें. तेथील तहसील कचेरीपाशीं एका तरुण शिपायाचा पुतळा आहे. सातबाराचा उतारा, दाखला, फेरफाराची नोंद अशा नित्याच्या कामांसाठीं खेड्यापाड्यांतून आलेलीं माणसें त्या पुतळ्यावरून रोज ये-जा करतात. शहरांतला पाहुणा सोबत असला म्हणजे त्याला सांगतात, हा आमच्या पळसगांवचा यशवंत घाडगे. एवढ्या लहानशा वाक्यांत गांवाच्या स्मरणाचें सारें मर्म सांठविलेलें आहे. गांव आधीं 'आमचा' म्हणतें, मग गांवाचें नांव घेतें, आणि त्यानंतर माणसाचें. पराक्रमाची हकीकत त्यामागून येते.

ती हकीकत थोडक्यांत अशी. यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धांत ते पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत नाईक होते. इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं त्यांच्या कंपनीनें शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर हल्ला चढविला. अगदीं जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्या हाताखालच्या तुकडींतील एकूण एक शिपाई ठार वा जखमी होऊन पडला. आपल्यामागें आतां कोणी उरलें नाहीं हें पुरतें ठाऊक असतां घाडगे एकटे त्या मशीनगनवर धांवून गेले. प्रथम हातबाँब फेकून त्यांनीं गन व ती चालविणारा शिपाई निकामी केला. दुसऱ्यास टॉमीगननें टिपलें. आणि गोळ्यांची पेटी बदलण्यास अवधि नाहीं असें पाहतांच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तिचे घाव घातले व त्यांना ठार केलें. इतक्यांत दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातींत व पाठींत शिरल्या. एकट्यानें जिंकलेल्या त्या ठाण्यांतच त्यांनीं प्राण सोडला. वय अवघें २२ वर्षांचें. पुढें त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला.

येथवरची गोष्ट कोणालाही प्रिय व्हावी अशीच आहे. परंतु विचार करावयास लावणारा भाग हिच्या पुढें आहे. इटलीच्या त्या मोहिमेंत ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक लढले आणि त्यांपैकीं ५,७८२ जण तेथेंच राहिले. पुतळा मिळाला तो एखाद्याला. बाकीच्यांच्या गांवीं काय उरलें? त्यांचीं नांवें कोण घेतें? आणि ज्यांचा समावेश 'शिपाई' ह्या शब्दांत होत नाहीं, ते बोटीवरचे खलाशी आणि त्या रुग्णालयांतील परिचारिका, त्यांची गणना गांवाच्या स्मरणांत होते कीं नाहीं? वीरांचें स्मारक म्हणजे काय, हें समजून घ्यावयाचें तर ह्या प्रश्नांपासून सुरुवात केली पाहिजे.

वीराचें स्मरण करणें ही गोष्ट कोंकणास परक्या राज्यकर्त्यांनीं शिकविली असें मुळींच नाहीं. देवळाच्या आवारांत, पिंपळाच्या पाराशीं, कोठें वेशीजवळ, शेंदूर फांसलेले जुने वीरगळ उभे असतात. त्यांची मांडणी बहुधा ठराविक असते. तळच्या चौकटींत लढाई. तिच्यावर वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथें जे वीरगळ आहेत त्यांच्यावर तर गलबतांची लढाई कोरलेली असून ती तेराव्या शतकांतील शिलाहार व यादव यांच्या युद्धाची असावी, असें अभ्यासक मानतात. समुद्रावर मरण पावलेल्या माणसासही दगड मिळाला, हें त्यावरून दिसतें. बहुतेक वीरगळांवर नांव कोरलेलें नाहीं. पण त्या काळीं त्याची गरजही नव्हती. दगड कोणाचा हें गांवास ठाऊक असे, आणि अमावास्येस त्यावर नारळ फोडणारें घराणें असे. तें घराणें उठून गेलें कीं नांव गेलें. मग शेंदूर तेवढा उरला.

पहिल्या महायुद्धानंतर दगडाची तऱ्हा पालटली. ज्या गांवांतून बरींच माणसें सैन्यांत गेलीं, तेथें सरकारनें चावडीच्या वा शाळेच्या भिंतींत पाट्या बसविल्या. हिंदुस्थानांत सर्वत्र त्यांचा मजकूर एकाच साच्यांतला. ह्या गांवांतून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतकीं माणसें गेलीं. त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण अर्पण केले. ओळी दोन, आंकडे दोन, नांव एकही नाहीं. ज्या गांवांत सारे एकमेकांस नांवानें ओळखतात, तेथेंच सरकारनें माणसें मोजून ठेविलीं. पाटी बसली तेव्हां त्याचें कोणास कांहीं वाटलें नसेल, कारण आंकड्यामागचे चेहरे डोळ्यांसमोर होते. परंतु शंभर वर्षांनंतर त्याच भिंतीपुढें उभ्या राहिलेल्या पणतवास आपला पणजोबा त्या आंकड्यांत आहे कीं नाहीं, हें पाटी सांगूं शकत नाहीं.

हीं माणसें गेलीं तरी कां? त्याचें उत्तर शौर्यांत जितकें आहे तितकेंच भातखाचरांत आहे. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा ह्या नांवानें ओळखला जाई. पाऊस मुबलक, पण पीक एकच. जमीन तुकड्यातुकड्यांची, आणि तीही पुष्कळ ठिकाणीं खोताची. कुळाच्या घरांत पिकलेलें भात खोताचा वाटा देऊन उरेल तितकें. ह्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ सालीं सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप वर्षानुवर्षें चालला, ह्यावरून त्या जाचाची कल्पना येईल. अशा घरांत रोख पैसा येण्याच्या वाटा मोजक्या. मुंबईची गिरणी, बोटीवरची नोकरी, नाहीं तर पलटण. पोस्टमननें आणलेली मनिऑर्डर हीच पुष्कळ घरांची खरी सुगी होती. महाड तालुक्यांतील एका गांवानें ही वाट इतकी मळविली कीं त्याच्या नांवामागें 'फौजी' हें विशेषण कायमचें चिकटलें आणि तें फौजी आंबवडे झालें. तेथें पिढ्यान्पिढ्या घरोघरचे मुलगे सैन्यांत जात आले आहेत.

मराठा पलटणींत भरती झालेले शिपाई पहिल्या महायुद्धांत गेले ते प्रामुख्यानें मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी तेथें लढल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा ह्या गांवीं तुर्कांनीं त्या सैन्याला वेढलें. उपासमार आणि रोगराई सोसून अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसांस शरण जावें लागलें, आणि कैदेंत त्यांपैकीं कित्येक मरण पावले. त्यांतील ११० वी पलटण हीच पुढें १९२२ च्या पुनर्रचनेंत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण झाली. म्हणजे यशवंत घाडगे ज्या पलटणींत होते, तिनें एका पिढीपूर्वीं कूतचा वेढा सोसलेला होता.

मेसोपोटेमियांत मेलेल्यांसाठीं बसरा येथें १९२९ सालीं एक मोठें स्मारक उभारलें गेलें. त्यावर गोऱ्या सैनिकांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचींही कोरलीं. परंतु हिंदी शिपायांच्या बाबतींत पलटणीचें नांव देऊन पुढें केवळ संख्या घातली. गांवच्या चावडीवरील पाटींत जी चूक झाली तीच परदेशांतील स्मारकांत झाली. पण गांवच्या पाटीमागें निदान गांव तरी होतें; बसऱ्याच्या वाळवंटांत त्या संख्येस ओळख देणारें कोणीही नव्हतें. युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानें १९१७ सालीं स्थापना झाल्यापासून मरणांत सर्व समान हें तत्त्व सांगितलें होतें. २०२१ सालीं त्याच आयोगानें स्वतःच्या जुन्या कारभाराची चौकशी करून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत हें तत्त्व आशिया व आफ्रिकेंतील शिपायांच्या बाबतींत पाळलें गेलें नाहीं, हें मान्य केलें. ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें आणि किमान १,१६,००० जणांचें नांवानें किंवा मुळींच झालें नाहीं, असा तो कबुलीजबाब आहे. शंभर वर्षांनीं कां होईना, आंकडा म्हणजे नांव नव्हे, हें मान्य झालें.

तथापि आंकड्यांत जागा मिळणें हेंही सर्वांच्या नशिबीं नव्हतें. महाडच्या परिसरांतून महार समाजाचे पुरुष कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या फौजेंत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यापुढें भरतीचें दार लावून घेण्यांत आलें. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे स्वतः सैन्यांतून १८८६ सालीं निवृत्त झालेले. त्यांनीं हें दार पुन्हां उघडावें म्हणून सरकारकडे विनंतिअर्ज तयार केला. युद्धाची निकड पडली तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली गेली, आणि निकड सरतांच १९२१ सालीं ती मोडली. पुढें १९४१ सालीं महार रेजिमेंट स्थापन झाली ती मात्र आजतागायत नांदते आहे. पलटण मोडली कीं तिचें स्मरणही विखुरतें. शिपाई गांवीं परततो, आणि जेथें त्याला सार्वजनिक तळ्याचें पाणीही मिळत नाहीं तेथें त्याच्या पदकाकडे कोण पाहणार? महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह झाला त्या भूमींत अशीं पेन्शनर शिपायांचीं घरें होतीं, ही गोष्ट स्मारकांचा विचार करतांना विसरतां कामा नये.

आतां किनाऱ्याकडे वळूं. अलिबागेस कान्होजी आंग्रे यांची समाधि आहे. ती पाहावयास आलेल्या मुलांना आरमाराची गोष्ट सांगतात. पण त्या दर्यावर्दी परंपरेचे पुढले वारस, म्हणजे श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड ह्या बाजूचे खलाशी, तांडेल आणि सारंग, हे दोन्ही महायुद्धांत व्यापारी बोटींवर होते. त्यांच्या हातांत बंदूक नव्हती. परंतु पाणबुडीचा टॉर्पेडो बंदूकवाला आणि बिनबंदूकवाला असा भेद करीत नाहीं. बुडालेल्या बोटीवरील खलाशास कबर नाहीं, चिता नाहीं. मुंबईंत मस्जिद बंदराजवळ खलाशांच्या वसतिगृहांत ह्या लोकांचें स्मारक आहे. तेथें पहिल्या महायुद्धांतील २,००० हून अधिक हिंदी दर्यावर्दींचीं नांवें आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धांतील सुमारें ४०० नौसैनिक व जवळजवळ ६,००० व्यापारी खलाशी यांच्या नांवांची यादी ठेवलेली आहे. तशीच दुसरी प्रत चितगांवास आहे. शिपायांपेक्षां खलाशांच्या वांट्यास नांवें अधिक आलीं, असें म्हणावें लागेल. पण तीं गांवापासून दूर, गोदीच्या गर्दींत राहिलीं. किनाऱ्यावरच्या किती कुटुंबांनीं तीं एकदां तरी वाचलीं असतील?

उरल्या परिचारिका. त्यांची गोष्ट सर्वांत थोडी सांगितली गेली आहे, म्हणून ती जरा विस्तारानें सांगितली पाहिजे. हिंदुस्थानांतील लष्करी रुग्णालयांत शिकलेल्या परिचारिकांची व्यवस्था लावण्यासाठीं इंग्लंडांतून पहिली लहानशी तुकडी आली ती १८८८ सालीं, मुंबई बंदरांतच. पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि मेसोपोटेमियांतील जखमी व आजारी शिपायांनीं भरलेल्या इस्पितळी बोटी ह्याच बंदराला लागूं लागल्या. मनुष्यबळ अपुरें पडलें. १९१६ पासून ऑस्ट्रेलियांतून शेंकडों परिचारिका हिंदुस्थानांत आल्या. त्यांपैकीं ॲमी ओग्रेडी आणि कॅथलीन पॉवर ह्या दोघी त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, एकीमागून एक, मुंबईंत पटकीनें मरण पावल्या. गोळी लागून मरण येतें तें रणांगणावर. पण ज्या खोलींत पटकी, हगवण आणि हिंवतापाचे रोगी ओळीनें निजलेले असतात, ती खोलीही रणांगणच होय. पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मारकांत अशा मृतांचें स्मरण केलेलें आहे.

हिंदी स्त्रियांस ह्या सेवेचें दार हळूहळू उघडलें. १ ऑक्टोबर १९२६ रोजीं इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायम स्वरूपांत स्थापन झाली, आणि १९४३ च्या वटहुकुमानें परिचारिकांना लष्करी अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. पण दार उघडें असणें आणि घरांतून पाऊल बाहेर पडणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परक्या पुरुषाचें मलमूत्र काढावयाचें, जात न विचारतां जखम धुवावयाची, रात्रपाळी करावयाची. हें काम आपल्या मुलीनें करावें असें त्या काळच्या हिंदु घरांत क्वचितच कोणास वाटे. पुण्याच्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांनीं विधवांना व गरजू स्त्रियांना परिचर्येचें शिक्षण मिळवून दिलें, तेव्हां त्यांना लोकनिंदेशींही झगडावें लागलें. म्हणून आरंभीं ह्या सेवेंत ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन समाजांच्या मुली अधिक आल्या. शिपाई गांवागांवांतून भरती होत. परिचारिका एकेकटी, आपल्या शिक्षणाच्या बळावर, शहरांतल्या रुग्णालयांतून जाई. तिच्या गांवास तिचा आंकडासुद्धां ठाऊक नसे. चावडीच्या पाटीवर 'इतकीं माणसें गेलीं' असें लिहिलें तेव्हां 'माणसें' म्हणजे पुरुष, हें कोणास वेगळें सांगावें लागलें नाहीं.

आतां काळ बदलला आहे. मेजर जनरल गर्ट्रूड ॲलिस राम ह्या १९७६ सालीं त्या हुद्द्यास पोंचल्या. भारतीय सेनेंत असा मान मिळविणारी पहिली स्त्री ही परिचारिकाच होती. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मुंबईंत कुलाब्याच्या अश्विनी ह्या नौदलाच्या रुग्णालयांत मुलींना लष्करी परिचर्येचें शिक्षण मिळतें. मांडव्याहून सुटलेली लाँच तासाभरांत गेटवेला लागते. तेथून अश्विनी फार लांब नाहीं. रायगडच्या किनाऱ्यावरील मुलीस ही सेवा आतां परकी राहिलेली नाहीं. मात्र प्रजासत्ताकदिनीं शाळेच्या पटांगणांत माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देतांना निवृत्त परिचारिकेस पहिल्या रांगेंत बसविणारीं गांवें किती, हा प्रश्न शिल्लकच आहे.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाळणें बरें नव्हे. महायुद्धांतले शिपाई परक्या राज्यासाठीं लढले. त्यांचें कौतुक स्वतंत्र देशानें कां करावें? आक्षेप खोटा नाहीं. परंतु स्मरण म्हणजे राज्यकर्त्याची स्तुति नव्हे. त्याच युद्धांत आझाद हिंद फौजही होती. तिचे एक सेनानी जगन्नाथराव भोंसले हे कोंकणांतलेच, सावंतवाडीकडील तिरोड्याचे. आणि त्या फौजेंतील झांशीच्या राणीच्या पथकांतही जखमींची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांचा वेगळा विभाग होता. दोन्ही बाजूंस आपलींच माणसें होतीं. कोण कोणत्या झेंड्याखालीं लढला, ह्याचा न्याय इतिहास करील. गांवाचें काम त्याहून साधें आहे. आपल्या घरांतून कोण गेलें, परत कोण आलें नाहीं, आणि मागें राहिलेल्या बायकामुलांचें काय झालें, एवढें त्यानें खरेंखरें सांगावें.

हें करण्याचें साधन पुष्कळदां घरांतच असतें. पहिल्या महायुद्धांत हिंदी शिपायांस जीं चांदीचीं पदकें मिळालीं, त्यांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण हीं बारीक अक्षरांत उमटविलेलीं असतात. सरकारनें चावडीवरील दगडावर जें लिहिलें नाहीं तें पदकाच्या कडेवर लिहिलें, ही मोठी नवलाची गोष्ट होय. पण पदक चांदीचें. त्यामुळें कित्येक पदकें दुष्काळांत, आजारपणांत, मुलीच्या लग्नांत सोनाराच्या मुशींत गेलीं, आणि त्यांबरोबर नांवही वितळलें. जीं उरलीं आहेत तीं पेटींतून काढून, भिंगाखालीं धरून, शाळेंतल्या मुलांनीं एका वहींत उतरून घ्यावीं. त्याबरोबर सैन्यांतून सुटतांना मिळालेलें प्रमाणपत्र, पेन्शनचें पुस्तक, घरीं आलेलें जुनें पत्र, जो कागद सांपडेल तो. अलिबागेच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची माहिती मिळते. राष्ट्रकुल आयोगाच्या याद्यांत नांवावरून शोध घेतां येतो. शिपायांचीं पानें भरलीं कीं खलाशांसाठीं एक पान ठेवावें, आणि एक परिचारिकांसाठीं. तें कोरें राहिलें तरी चालेल. कोरें पान हाही एक प्रश्न असतो.

स्मरणाचे दिवस तर आतां पुष्कळ आहेत. १४ जानेवारी माजी सैनिकांचा, २६ जुलै कारगिल विजयाचा, १ ऑक्टोबर लष्करी परिचारिकांचा, ७ डिसेंबर ध्वजनिधीचा. १९९९ च्या कारगिल युद्धापासून वीराचा देह तिरंग्यांत लपेटून गांवीं येतो, सारा पंचक्रोशीचा समाज लोटतो, आणि नांव घराघरांत पोंचतें. कूतच्या किंवा इटलीच्या शिपायाच्या घरीं फार तर एक कागद आला. म्हणूनच जुन्यांच्या बाबतींत गांवाचें देणें अधिक आहे.

इटलींत पेरुजियाजवळ मोंतोने नांवाचें एक डोंगरी गांव आहे. जुलै २०२३ मध्यें तेथील लोकांनीं यशवंत घाडगे यांच्या नांवें एक सूर्यघड्याळ उभारलें. आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें लॅटिन वचन त्यावर आहे. ज्या डोंगरांत हा मुलगा पडला तेथील परक्या गांवानें ७९ वर्षांनंतर त्याला नांवानें ओळखलें. माणगांवच्या कचेरीपाशीं त्याचा पुतळा आहे, तेथें उभें राहून दाखल्यासाठीं आलेली म्हातारी आपल्या नातवाला 'हा आमचा' म्हणून दाखविते. तिच्या घरच्या पेटींत कदाचित् तिच्याच सासऱ्याचें पदक असेल. त्याच्या कडेवरील नांव नातवानें वाचलें, तर चावडीच्या दगडावरील आंकड्यांतून एक माणूस वेगळा निघेल, आणि गांवाच्या ऋणांतून तेवढें एक नांव फिटेल.